काकीच्या दारात ठेवलेली थैली

"थांब वं बाई, रिकाम्या हातानं नोको जाऊ!"

असं म्हणून माझी शेजारीण आधी तुमची पिशवी धरायची आणि आत काय घालायचं ते मग शोधायची. दोडके, वालाच्या शेंगा, काहीच नसलं तर ओंजळभर लाखोळीची डाळ. लाखनीत आमची भिंतीला भिंत लागून घरं. मी साकोलीच्या शाळेत शिकवायची. भर वर्गात माझ्या पर्समधून दोडक्याचं टोक बाहेर डोकावलं की पोरं खुसखुसायची. संध्याकाळी मी तिच्यावर चिडायची आणि सकाळी पुन्हा दोडका घेऊन बस पकडायची.

तिच्या पोटी मूल नव्हतं. ती, नवरा आणि थोडी धानाची शेती. मीटर बघायला येणारा माणूसही तिच्या दारातून वांगी घेऊन जायचा.

एकच माणूस तिच्या दारातून रिकामा गेला, तिची सख्खी काकी. आंबागड हे हिचं माहेर. ही लहान असताना हिची आई पोट फुगून गेली आणि काकीनं करणी केली असं गावानं ठरवून टाकलं. हिनं ते उराशी धरलं. पुढे एकदा काकी हिच्या दारी आली, तर हिनं पाणीही विचारलं नाही. "तिचं नाव नोको घेऊ माह्यासमोर," एवढंच म्हणायची. इतक्या मायाळू बाईच्या मनात एवढा विखार कुठे मावतो, याचं मला नवल वाटायचं.

मग तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले आणि परत आले. त्यांच्या मागोमाग आजारही परत आला. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, पण त्यात सगळ्यांना घेत नाहीत. आजार उलटलेला हवा, किडनी-लिव्हर ठीक हवं, बाई हिंडती-फिरती हवी. आणि हा आजार रक्तातून, आईबापांकडून आलेल्या दोषामुळे झालेला हवा. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी होती.

डॉक्टरांसमोर तिच्या नवऱ्याची बोबडी वळायची, म्हणून सोबत मी.

"तुमच्या आई कशानं गेल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तिले करणी केल्ती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोट फुगलं होतं का? जेवण जात नव्हतं?"

"हो. तुमाले कोणं सांगतलं?"

त्यांनी पेन उचलून काहीतरी लिहून घेतलं. मला खुर्चीत बसल्याबसल्या सगळं उमगलं. हिच्या मात्र काही लक्षात आलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती पलीकडच्या सीटवरच्या बाईला शेंगा देत बसली.

रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या गल्लीनं देव पाण्यात ठेवले. तो दोष निघू दे, असा नवस मीसुद्धा बोलले. आणि निघाला. ती चाचणीत बसत होती! मी दवाखान्यातच पेढ्यांचा पुडा उघडला.

तिनं पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "म्हणजे मायले हेच झालं होतं?"

"तेव्हा तपासणी नव्हती, त्यामुळे खात्रीनं नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बहुतेक हेच."

"मंग काकीनं काई नाई केलं?"

तिचा चेहरा असा पांढराफटक पडला की मी तिचा दंड धरला. कॅन्सर सांगितला त्या दिवशीही ती अशी झाली नव्हती. पेढा तिच्या मुठीत चुरगळून गेला. एवढ्या आनंदाच्या बातमीनं माणूस असं कोसळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पार हादरून गेले.

औषध सुरू होण्याआधी ती मला घेऊन आंबागडला गेली. थैली गच्च भरलेली. काकी ओसरीवर सूप घेऊन बसली होती, एकटीच. तिच्याकडे कोणी येत-जात नसावं.

"काकी, तुह्यानं नाई झालं ते. आमच्या रक्तातच होतं. डॉक्टरनं सांगतलं."

काकीनं मान वर केली नाही. "मले तं तवाच माईत होतं, बाई. तुले आता डॉक्टरनं सांगतलं."

आणि ती पाखडत राहिली. हिनं थैली उंबऱ्याशी ठेवली आणि आम्ही निघालो. "रिकाम्या हातानं नोको जाऊ" असं कोणी म्हणालं नाही.

औषधानं तिला काही बरे महिने दिले. त्या महिन्यांत दारात पाऊल वाजलं की ती उठून बघायची. "काकी येईन का वं?" मी म्हणायची, येईल. पुढे औषधाचाही उपयोग होईना, आणि ती गेली.

तेरवी उरकल्यावर एका दुपारी एक वाकलेली म्हातारी तिच्या दारात उभी राहिली. आंबागडला कोणी कळवलंच नव्हतं. तिच्या हातात तीच थैली होती, तांदळानं भरलेली.

"पोरीची थैली वापस आणली," काकी म्हणाली. "रिकामी कशी देऊ? कुठी गेली ते?"

नवरा खाली बघू लागला. मी पुढे होऊन थैली धरली, पण काकी सोडेना. "तिच्याच हातात देतो," म्हणत ती दारातूनच आत बघत होती.