एक लाख फौजेचा भात

बकारामने माझ्या दंडारीत नाक खुपसलं तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावची दंडार व्हायची. उघडं मैदान, ढोलकी, टाळ, गावचेच नट, आणि तीन तास नाच, गाणी, लढाई. ती लिहायचं काम माझ्याकडे, कारण शाळेतला गुरुजी मी आणि गावात कवी म्हणवून घेण्याची हौस असलेलाही मीच.

१९५२ सालची माझी दंडार सगळ्यांत झकास होती. राजपुत्र मेघकेतू, आपोआप उडणारी त्याची तलवार, एक लाख फौज आणि राक्षसाच्या किल्ल्याला बारा दिवसांचा वेढा. शेवटी जिवलग मित्र जखमी होऊन पडतो, मेघकेतू तलवार फेकून देतो, मित्राला खांद्यावर घेतो आणि बाणांच्या पावसातून चालत येतो. मीच लिहिलेलं वाचून मला रडू येत होतं. फौजेत माणसं चारच होती, पण ती पडद्यामागून पुन्हा पुन्हा फिरून येत.

तालमीला चहा आणि फुटाणे पुरवायला बकाराम यायचा. अडतिशीतला, रुंद खांद्याचा, मोजकं बोलणारा माणूस. गावात लग्न असलं की भाताच्या चुलीवर तोच. महायुद्धात जवळच्या बिरसीला विमानांची धावपट्टी होत होती तेव्हा तो तिथं माती वाहायला गेला, आणि तिथून लंगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, होऊन थेट ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर. सेहेचाळीसला परतला तो मानेपासून खांद्यापर्यंत भाजल्याची खूण घेऊन. गावाने आपसांत ठरवून टाकलं की ती बॉम्बची खूण, आणि त्याला बहादूर म्हणू लागलं. मंडईत त्याला पुढच्या रांगेत बसवत. तो हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही.

तर एक दिवस तालमीच्या मध्येच तो म्हणाला, "गुरुजी, एक लाख फौज बारा दिवस बसली. खाल्लं का तिनं?"

"ही दंडार आहे, बकाराम. पंगत नाही."

"तसं नाही जी. माणसामागं रोजचा शेरभर तांदूळ धरा. एका गाडीत चारशे शेर. म्हणजे रोजच्या अडीचशे गाड्या, बारा दिवसाच्या तीन हजार. एकामागं एक लावल्या तं इथून गोंदियाच्या टेसनापर्यंत रांग जाते. सहा हजार बैल. त्यायले चारा-तणीस कोण देते?"

"राजा देतो," मी दातओठ खात म्हणालो.

"अन् लाख माणूस लढाईवर गेला तं धानाची चिखलणी कोणं केली? रोवणी बाया करून घेतीन. पण नांगर?"

मेघकेतूचं काम करणारा हिरालाल किराणा दुकानदार. मिशा भरघोस, बोलणं हिंदीत. तो बोटांवर हिशेब करत होता. "हिसाब तो सही है, गुरुजी," तो म्हणाला आणि सगळे हसले.

मला हसलेलं खपत नाही. घरी जाऊन मी सूड म्हणून एक नवं सोंग लिहिलं. फौजेचा लंगरी. मेघकेतू मित्राला उचलत असताना हा लंगरी मागून देग, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, डोक्यावर घेऊन पळत सुटतो, एवढंच त्याचं काम. लोकांनी पोट धरून हसावं अशी सोय. आणि ते सोंग मी बकारामलाच दिलं. त्याने मुकाट्याने घेतलंही.

तालमीला तो लग्नातली खरीखुरी देग घेऊन आला. हिरालालने तलवार फेकली, मित्राला उचललं. ढोलकी घुमली. बकाराम देग घेऊन निघाला, चार पावलं गेला आणि मधोमध थांबला. सगळे आधीच हसायला लागले होते. त्याने देग जमिनीवर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ घरी निघून गेला.

मी तणतणत त्याच्या मागोमाग त्याच्या घरी पोचलो. तो ओसरीवर बसला होता.

"काऊन गेलास?" मी विचारलं. रागात मलाही गावचीच बोली येते.

त्याने मला ओसरीवर जागा करून दिली. मग त्याने जे सांगितलं ते आठ वर्षांत त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

सरहद्दीवरच्या एका टेकडीवर पलटणीची अठ्ठेचाळीस माणसं दोन दिवस उपाशी अडकली होती. त्यांच्यासाठी भाताची देग बांबूला टांगून दोघं चढत होते. पुढे बकाराम, मागे लंगरात पाणी भरणारा श्यामलाल, आपल्या शेजारच्या दवनीवाड्याचा. अर्ध्या वाटेवर तोफगोळे पडायला लागले. श्यामलालला कमरेखाली लागलं. तो पडला, पण देग सरळ राहिली.

"त्याले उचलतो तं भात जाते. भात उचलतो तं तो राहते," बकाराम म्हणाला. "मी देग खांद्यावर घेतली, गुरुजी. कढत होती. घंट्याभरानं परत आलो तं तिथं जागाच नव्हती. सारा कडा खाली गेला होता. सरकारनं बेपत्ता लिहिलं."

"आणि तो काही बोलला नाही?"

"त्यानं हात वर केला होता. जा मनून केला का ये मनून केला, मले अजून समजलं नाही."

मी कवी माणूस. शौर्यावर माझ्याकडे वहीभर ओव्या होत्या. त्यातली एकही कामाची निघाली नाही. अठ्ठेचाळीस माणसं जेवली हे शौर्य, की एक माणूस टाकला हा पळपुटेपणा?

लाज वाटते, पण दुसऱ्या दिवशी मी काय केलं तेही सांगतो. मी दंडार दुरुस्त केली. मेघकेतूने एका खांद्यावर मित्र घ्यावा, दुसऱ्यावर देग, म्हणजे दोन्ही बाजू राखल्या जातील. बकाराम म्हणाला, "देग सव्वा मणाची. माणूस दीड मणाचा. उचलून पाहा." हिरालालने मोठ्या जोमात प्रयत्न केला आणि मित्रासकट तोंडावर आपटला. त्याची अर्धी मिशी मातीने माखली. त्या वेळी कोणी हसलं नाही, निदान मी तरी हसलो नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती आम्हा दोघांनाही माहीत होती. श्यामलालची बायको धुरपता दवनीवाड्यात होती. बेपत्ता म्हणजे मेला नाही, असं धरून ती आठ वर्षं कुंकू लावत होती. तिचा भाऊ पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायला तयार होता, स्थळही आलं होतं. पण नवरा जिवंत असेल तर पाट कसा लावायचा, या एका प्रश्नापाशी ती बाई अडून बसली होती. आणि उत्तर बकारामजवळ होतं.

"तिला सांगायला हवं," मी म्हणालो.

"का सांगू? तुमचा नवरा मेला, अन् मी भात घेऊन गेलो?"

"हो. तेच."

आम्ही पायीच दवनीवाड्याला गेलो. धानाची कापणी चालली होती. धुरपता बांधावरून घरी आली, पाय धुतले आणि आम्ही कोण, कशाला आलो, काही न विचारता चुलीपाशी गेली. दुपारच्या वेळी दारी आलेल्याला जेवल्याशिवाय बोलू देत नाहीत आमच्याकडे. पत्रावळी मांडल्या, भात वाढला. बकारामने भाताकडे पाहिलं आणि तो बोलायला लागला. सगळं सांगितलं. स्वतःला वाचवेल असा एक शब्दही त्याने घातला नाही.

धुरपताच्या हातात भाताचा चाटू होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"किती जन जेवले, भाऊ?" तिने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"अन् आमच्या यायनं खाल्लं होतं?"

"नाही, वैनी. आमी खाली येऊन खाणार होतो."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "हात कसा केला होता? दाखवा."

बकारामने उजवा हात वर केला. पंजा पुढे, बोटं थोडी वाकलेली. धुरपता त्या हाताकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं.

"जेवताना पुरे झालं का ते असाच हात करत," ती म्हणाली.

बकारामने श्वास सोडला. मीही सोडला. म्हणजे 'नको, जा' म्हणाला होता तर. आठ वर्षांची गाठ सुटली असं मला वाटलं, आणि तेवढ्यात ती पुढे बोलली.

"पण मी आयकत नव्हती. हात केला तरी वाढतच होती. अन् ते खातच होते."

हे ती बकारामला बोलली की स्वतःशीच, मला आजही सांगता येत नाही. आवाजात राग नव्हता. बकारामचा हात तसाच वर राहिला होता. तो खाली घ्यावा की नाही हे त्याला कळत नसावं. धुरपताने त्याच्या पत्रावळीवर आणखी एक चाटू भात वाढला, आणि त्याने तो सगळा खाल्ला.

मंडईत दंडार झाली. लंगरीचं सोंग मी काढून टाकलं होतं. हिरालालने मित्राला उचललं, बायाबापड्यांनी डोळे पुसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक लाख फौज बारा दिवस बसली आणि तिने काय खाल्लं हे कोणीही विचारलं नाही. पुढच्या रांगेतली बकारामची जागा रिकामी होती. तो पडद्यामागे नटांसाठी भात शिजवत होता.

दिवस मावळायच्या आत दंडार संपली. मी मागे गेलो तेव्हा धुरपता तिथं आली होती. कपाळ मोकळं होतं, कुंकू पुसलेलं. हातात पत्रावळ होती. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "वाढा, भाऊ."

बकारामने एक चाटू वाढला. मग दुसरा. मग तिसरा. तिने पुरे म्हणून हात केला नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि थांबायचं कुठं ते त्याला कळत नव्हतं. भात पत्रावळीवरून मातीत सांडायला लागला तरी तो वाढतच होता.