फासे पडायच्या आधी

आमरीनचा हात एकदम स्थिर. औरंगपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर फ्रेमचे बारीक स्क्रू बसवते आणि घरी त्याच हातानं बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवते. त्यांच्या डोळ्यांतली बुबुळंसुद्धा काढते. त्या रविवारी मात्र त्याच हाताची मूठ रागानं वळली होती.

त्याच दुकानाच्या माडीवरच्या खोलीत दर रविवारी सात-आठ जणांचं मंडळ खेळायला जमतं. टेबलावर थर्माकोलचे डोंगर, त्यात दोघांच्या दोन टोळ्या. आळीपाळीनं एकेक सैनिक पुढे सरकवायचा, वार करायचा तर फासे टाकायचे. सरदार पडला की डाव संपला. प्रत्येकाच्या सरदाराकडे ढालीची एक चकती असते; ढाल घेतली की तो वार लागत नाही. ती डावात एकदाच वापरायची आणि समोरच्याचे फासे पडायच्या आधी मागायची.

डोंगर साहेबरावकाकांनी केलेले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस हौशी आणि मायाळू. आमरीनला खेळ त्यांनीच शिकवला. पण ढाल ते फासे बघून मागत. वार जिव्हारी लागला की चष्मा नाकावर चढवत म्हणत, मी म्हणणारच होतो. वार वाया गेला तर ढाल शिल्लक. पहिली चाल कुणाची, हेही खरं तर फाशांवर ठरायचं. पण काकांसमोर सगळेच ‘तुम्ही आधी’ म्हणून हात मागे घेत. पंच होता संघपाल. तोही मान खाली घाली. वडीलधाऱ्या माणसाला टोकायचं कसं?

आमरीन हे बरेच दिवस गिळत आली होती. पण आता पुण्यात होणाऱ्या या खेळाच्या स्पर्धेला मंडळातून एकच जण जाणार होता आणि ते ठरवणारा शेवटचा डाव तिचा आणि काकांचा होता.

पहिली चाल काकांनी न विचारताच घेतली. आमरीननं दात आवळले. थोड्या वेळानं तिची भालेवाली काकांच्या सरदाराला जाऊन भिडली. तिनं फासे मुठीत घेतले आणि टाकलेच नाहीत.

"काका, ढाल घेणार का?"

"टाक की गं. बघू मग."

"बघून नाय. आधी सांगा."

संघपाल म्हणाला, जाऊ दे ना, काकांचं वय बघ. आमरीननं त्याच्याकडे मानही वळवली नाही. नव्या माणसाला नियम तूच सांगतोस, मग काकांना कोण सांगणार, एवढंच तिनं विचारलं.

"मी शिकवलं तुला," काका म्हणाले, "आन् आज मलाच चोर ठरवती व्हय?"

"चोर नाय म्हणलं. एकदा मला ढाल मागायला उशीर झाला होता, तवा तुम्ही माझा सरदार उचलून डब्यात टाकला होता. मी जिन्यात बसून रडले होते, काका."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "घेतली ढाल. टाक."

फासे पडले. एक आणि दोन. एवढ्या कमी आकड्यांवर वार असाही वाया गेला असता; ढाल फुकट गेली. मग परत द्यायला हरकत नाही, असं संघपाल पुटपुटला तशी आमरीन ताडकन उठली. पण तिच्या आधी काकांनीच ढालीची चकती डब्यात फेकली.

"गेली ती गेली. मला दान नको कुणाचं."

पुढच्याच वाराला त्यांचा सरदार पडला. एकेक सैनिक वर्तमानपत्रात गुंडाळून ते जिना उतरले. आमरीन जिंकली होती, पण छातीतला जाळ तसाच होता. काकांवर, संघपालवर, आणि इतके दिवस गप्प बसलेल्या स्वतःवरही.

पुढच्या रविवारी काका येणार नाहीत असंच तिनं धरलं होतं. ती जिना चढून आली तर ते टोळी मांडून तिच्या खुर्चीसमोर बसलेले. पहिली चाल कुणाची यासाठी त्यांनी फासा तिच्याकडे सरकवला. डाव रंगला आणि त्यांचा तलवारवाला तिच्या सरदाराला भिडला. काकांनी मूठ आवळली.

"पुण्याचे लोक ताई-माई करणार नाय तुला. ढाल घेती का? बोल."

आवाज अजून कडकच होता. आमरीनचाही पारा चढला.

"बोलते. मूठ उघडू नका तोवर," ती म्हणाली, आणि टेबलावर वाकून आपले राहिलेले सैनिक न्याहाळू लागली.