उपाशी भुऱ्या

सदाशिव राऊळ मूळचा सिंधुदुर्गातला, पण नोकरीसाठी गोव्यात, पेडण्यात आला आणि तिथल्या हळर्ण गावचाच होऊन राहिला. गुरांच्या दवाखान्यात तो एकतीस वर्षं मदतनीस होता. बैल पाडणं, गाईची शेपटी धरणं, कुत्र्याचं तोंड बांधणं, सुई उकळत ठेवणं ही त्याची कामं. निवृत्त झाल्यावर गावातले लोक त्याला 'डॉक्टर' म्हणू लागले. सुरुवातीला तो "मी कसला डॉक्टर?" म्हणायचा. मग म्हणेनासा झाला.

शेजारी कमलाक्षी परब राहायची. नवरा वारलेला, मुलगा गौरेश मोपा विमानतळावर टॅक्सी चालवायचा. तिचा दिवस काजूच्या बागेत जायचा आणि सोबतीला भुऱ्या. हा भुरकट रंगाचा गावठी कुत्रा दहा वर्षांचा होता, पण माकडांची टोळी आली की पोरासारखा धावायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कमलाक्षीची हाक आली. "सदाशिवा, बेगीन ये! भुऱ्या कसोतरीच करता!"

भुऱ्या अंगणात आडवा पडला होता. चारी पाय सायकल चालवल्यासारखे हलत होते, तोंडाला फेस, खाली लघवी झालेली. कमलाक्षी त्याच्या तोंडात चमचा घालायला निघाली होती. सदाशिवनं तिचा हात धरला.

"वयनी, तोंडात काय घालू नको. चावतलो. जीभ काय तो गिळणा नाय."

त्यानं जवळचा पाट बाजूला सरकवला आणि घड्याळ बघत बसला. दोन मिनिटांत झटका थांबला. सदाशिव शांतपणे म्हणाला, "फेफरां." असे कितीतरी कुत्रे त्यानं टेबलावर धरून ठेवले होते. त्याला जराही शंका आली नाही.

त्यानं ओळखीच्या औषधवाल्याकडून फेफऱ्याच्या गोळ्या आणल्या. वर एक पथ्य सांगितलं: सकाळी पोटात काही घालायचं नाही. भरल्या पोटी झटका आला आणि ओकारी झाली तर श्वासात अडकेल. दुपारी एकदाच जेवण.

कमलाक्षी घुटमळली. "अरे, पण पोदेर येता, मी तेका उंडो घालतंय, मगे तो टुणकन् उबो रवता. पोदेर उशिरा इलो की तो थरथरता. आजव पोदेर येवक नाय."

पोदेराशी, पाववाल्याशी फेफऱ्याचा काय संबंध? सदाशिव हसला. "वयनी, झटको आपोआप थांबता. उंड्यान नाय."

तिनं ऐकलं. सकाळचा उंडा, तो गोल पाव, बंद झाला. भुऱ्या पोदेराच्या सायकलमागे फाटकापर्यंत जायचा आणि रिकाम्या तोंडानं परत यायचा.

मार्चमध्ये झटके आठवड्याला एक झाले, एप्रिलमध्ये दोन-तीन. माकडांमागे धावून आला की भुऱ्याचे मागचे पाय लटपटायचे, दारुड्यासारखा तो काजूच्या बुंध्याला आपटायचा. कमलाक्षीनं तेही सांगितलं. सदाशिव म्हणाला, "वय झाला त्याचा," आणि गोळी अर्धीची एक केली. एकदा ती पुन्हा म्हणाली, "काल मी चोरून गूळ चाटवलंय. लगेच उठलो रे." तेव्हा तो जरा चिडलाच. "मगे माका कित्याक विचारतंस?"

त्यानंतर तिनं काही सांगितलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी झटका थांबेचना. गौरेश नुकताच ड्युटीवरून आला होता. त्यानं भुऱ्याला चादरीत गुंडाळून टॅक्सीत घातलं. कमलाक्षी बसली, सदाशिवही बसला. डॉक्टरला नीट सांगणारा कोणी हवा, असं त्यालाच वाटलं.

दवाखान्यातली डॉक्टर सेजल वयानं त्याच्या मुलीएवढी. भुऱ्या टेबलावर जाईपर्यंत सदाशिव म्हणालासुद्धा, "एपिलेप्सी आहे. तीन महिन्यांपासून. गोळ्या चालू आहेत."

तिनं मान हलवली, पण भुऱ्याच्या कानाच्या कडेला सुई टोचली. रक्ताचा थेंब माणसांची साखर मोजायच्या छोट्या यंत्रावर घेतला. आकडा आला चौतीस.

"सत्तरच्या वर तरी हवी," ती म्हणाली आणि पायाची शीर शोधू लागली. साखरेचं पाणी हळूहळू आत जाऊ लागलं. झटका थांबला. काही मिनिटांनी भुऱ्यानं मान उचलली आणि कमलाक्षीचा हात हुंगला.

सदाशिवचे हात टेबलाच्या कडेवर तसेच राहिले.

मग सेजलनं विचारायला सुरुवात केली. कमलाक्षीला विचारलं, त्याला नाही. पहिला झटका कितव्या वर्षी आला? खाण्याआधी की नंतर? धावल्यावर पाय लटपटतात? आधी थरथरतो? खाल्ल्यावर लवकर सावरतो? कमलाक्षी एकेक सांगत गेली. पोदेर, उंडा, गूळ, माकडं, सगळं.

सेजल म्हणाली, "फेफरं बहुतेक वेळा तरुण वयात सुरू होतं. झटक्यानंतर कुत्रा बराच वेळ भांबावलेला असतो, भिंतीला धडकतो, पण एरवी ठणठणीत. इथं उपास आणि धावपळ झाली की त्रास, आणि पोटात गेलं की बरं. दर वेळी इतकं स्पष्ट नसतं, म्हणून झटक्याच्या वेळी साखर बघायलाच हवी. म्हाताऱ्या कुत्र्यात स्वादुपिंडावर गाठ होते कधीकधी. ती साखर खाऊन टाकणारा रस जास्त बनवते. तपासण्या करू. पण दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला घालायला हवं होतं." ती थांबली. "याला सकाळी उपाशी ठेवायला कोणी सांगितलं?"

गौरेशनं आईकडे बघितलं. सदाशिव साखरेच्या पाण्याची नळी सरळ करू लागला.

"आमकां तसांच वाटलां," कमलाक्षी म्हणाली. "आमचीच चूक."

तपासणीत गाठ निघाली, पसरलेली. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. नव्या गोळ्या आणि दिवसातून सहा वेळा खाणं यांवर भुऱ्यानं चार महिने काढले. त्या शेवटच्या लांब झटक्यानं त्याची नजर अधू झाली होती. माकडं झाडावर असायची आणि तो भलत्याच दिशेला भुंकायचा. चतुर्थीच्या आधी तो पडवीत झोपेतच गेला.

गौरेशनं बागेत खड्डा खणला. सदाशिव बाजूला उभा होता. दुसऱ्या दिवशी तो कमलाक्षीकडे गेला. ती पडवीत काथ्याची दोरी सोडवत होती, भुऱ्याची.

"वयनी," तो म्हणाला, "तुवां डॉक्टरिणीक माझा नाव सांगूक नाय."

"सांगून काय झाला असता?"

"तेका उपाशी ठेवूक मीच सांगलंय, ता सांगूक होया होता. मी सांगूक होया होता."

तिनं दोरी खाली ठेवली. "सदाशिवा, तू रोज धावून इलंस. दुसरो कोण इलो? गाठ होती ती होतीच, तू काय लावलंस नाय. पण मी तुका तीनदा सांगलंय. तुका खरा वाटाक नाय."

तिची माफी मागायची, असं ठरवून तो घरातून निघाला होता, पण तो शब्द इथं फार छोटा वाटला.

"गाठीन तो कधी ना कधी मेलोच असतो," ती म्हणाली. "पण ते तीन महिने तो फाटकार उबो रवान पोदेराकडे बघी. ता माका दिसता." मग ती उठली. "पेज हा. जेवन जा."

सदाशिव जेवला. भूक नव्हती, तरी त्यानं वाडगा रिकामा केला, कारण ती समोर बसून बघत होती.