मस्कत उघडल्यावर

काल दुकानाच्या दारात सॅनिटायझरचा उग्र वास आला आणि तो दिवस आठवला. करोनात मस्कत बंद झालं तेव्हा मी ओमानमधल्याच सूर शहरात बहिणीकडे अडकले. नवरा मस्कतमधल्या आमच्या वादी अदाईच्या घरात एकटा होता. फोनवर रोज म्हणायचा, ‘‘मजेत आहे गं.’’

शहर उघडताच मी परतले. रस्त्यावरचे पोलिसांचे अडथळे निघाले होते, पण आमच्या गल्लीतल्या बऱ्याच दुकानांची शटर्स खालीच होती. त्याने माझी बॅग आत ठेवली, चहा केला आणि एकच कप घेऊन आला. भिंतीकडे बघत पिऊ लागला. मी समोरच बसले होते.

‘‘मला नाही?’’

तो दचकला. ‘‘अरे, खरंच की!’’ स्वतःचाच कप पुढे करत हळूच म्हणाला, ‘‘तू बोलत राहा काहीतरी. घरात आवाज असू दे.’’

माझ्यावाचून याचं काहीच अडलं नाही, एवढंच तेव्हा मनाला लागलं.

तो जाऊन आता दोन वर्षं झाली. शाळेत शिकवून घरी आले की मी आधी टीव्ही लावते. अरबी बातम्या चालू असतात. मला त्यातलं फारसं काही कळत नाही.