उलट्या तारांची गिटार

हयातीच्या दाखल्यावर सही करून वत्सला बँकेतल्या बाकावर टेकली आणि बसल्या जागी गेली. पाच आठवडे झाले, हे कुणी तरी मला खोटंच सांगितलंय असं अजून वाटतं. त्या दिवशी सकाळी नऊला नांदेडहून तिचा फोन आला होता. "मंगल, बीपीची गोळी घेतलीस का? न्हाई ना? आधी घे, मग बोल." रोजच्यासारखं मला रागावून झालं, बँकेत गर्दी व्हायच्या आत जाऊन येते म्हणाली, आणि साडेबाराला तिच्या भाच्याचा फोन. त्यानं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मला शब्द कळले, तरी मी त्याला म्हटलं, "बरं, तिला दे फोन." जिला कधी साधी डोकेदुखीची गोळी लागली नाही, ती अशी जाते? लातूरहून नांदेडला जाणाऱ्या गाडीत मी तिच्यासाठी घेतलेली शेंगदाण्याची चटणी मांडीवर धरून बसले होते. चटणी कशाला उचलली, मला सांगता येणार नाही.

आमची ओळख लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची. कचेरीत कपाटं आली होती, पण त्यांत ठेवायच्या फायली अजून उस्मानाबादहून ट्रकांतून येत होत्या. मी उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी; वत्सला चाकूरकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, त्या घरातली पहिली सरकारी नोकर. एकाच आठवड्यात दोघी लिपिक म्हणून रुजू झालो आणि भाडं परवडेना म्हणून एकच खोली घेतली. पाऊस दगा देऊन गेलेला. तिला टंचाईचं टेबल मिळालं. कोणत्या गावाला किती टँकर गेले, याच्या नोंदी ती दिवसभर करायची आणि संध्याकाळी आमच्या वाट्याच्या दोन घागरींसाठी माझ्याबरोबर रांगेत उभी राहायची. तिच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पहिल्या पेराशीच संपत होती. नऊ वर्षांची असताना कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. टायपिंगची परीक्षा ती उरलेल्या आठ बोटांवर पास झाली होती, आणि हे सांगताना तिला हसू यायचं.

त्या अपघातात तिला महिनाभर दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं केरळची एक नर्स होती. संध्याकाळी काम आटोपलं की पोरांच्या वॉर्डात खाटेच्या कडेला बसून ती गिटार वाजवायची. हाताला पट्ट्या बांधलेली वत्सला ते ऐकत झोपी जायची. "दुखणं थांबत नव्हतं गं," ती मला म्हणाली होती, "पण दुखण्याकडं ध्यान जात नव्हतं." तेव्हापासून तिला गिटार हवी होती. चौदा वर्षं तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नोकरीला लागून आठ महिने झाले तेव्हा मला सांगितलं.

लातूरच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदारानं गिटार काढून दिली, तिनं ती हातात घेतली आणि त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. "ताई, तारा दाबायला डाव्या हाताची चारी बोटं लागतात," तो म्हणाला, "पेटी घ्या की त्यापेक्षा." बोलला तसा गोडच. बाहेर आल्यावर मीही म्हटलं, "चल, पेटी बघू या." वत्सला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "दुकानदाराचं मला काही वाटलं न्हाई. तो मला वळखत न्हाई. पण तू त्याच्या मागं उभी राहून मान हलवून राहिली होतीस." मी हलवली होती. मला वाटलं होतं, तिला दिसलं नसेल.

पुढच्या रविवारी पहिल्या बसनं आम्ही नांदेडला गेलो. वजिराबादच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे मुसलमान कारागीर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ढोलक्या, तबले, पेट्यांची दुरुस्ती आणि भिंतीला लटकलेल्या तीन गिटारी. वत्सलानं आत पाऊल टाकताच डावा हात पुढं केला. "चाचा, आधी हे बघा. मग सांगा, वाजवता येईल का." चाचांनी चष्मा लावला, हात उलटासुलटा करून पाहिला. "उजवा हात धड हाय ना?" त्यांनी विचारलं. "हाय." "मग उजव्यानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं. गिटारला काय माहीत, कोणता हात कोणता? तारा उलट्या चढवून देतो बेटी. मात्र गिटार नीट निवड. पैसा थोडा हाय, म्हणून डोळे जास्त लागतात."

मला लाल चकचकीत गिटार आवडली होती, कडेला शिंपल्याची नक्षी असलेली. तिचा एक खांदा कापलेला होता, मानेच्या पोटाकडच्या टोकापर्यंत बोटं पोचावीत म्हणून. उलटी धरली की तो कापलेला भाग भलत्याच बाजूला जात होता. ती बाद. दुसरी महागाची, अखंड फळीची. वत्सला तिच्यावरून टँकरची नोंद तपासावी तसं बोट फिरवत गेली आणि तारा बांधतात त्या पट्टीखाली थांबली. केसाएवढी चीर होती. चाचा हसले. "दुष्काळात माणूस सुकतं तसं लाकूड बी सुकतं. ही मी तुला विकणार नव्हतो, पण बघत होतो तुला दिसतंय का." तिसरी साध्या थरांच्या लाकडाची, मातकट रंगाची, दोन्ही खांदे सारखे. बंदुकीचा नेम धरावा तशी डोळ्यासमोर धरून तिची मान सरळ आहे का ते पाहायला चाचांनी शिकवलं. तारा मानेपासून किती उंच आहेत, मानेवरच्या दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक घरात दाबल्यावर तार कुठं झणझणते का, सगळं वत्सलानं दोन तास तपासलं. मी कंटाळून दोनदा चहा पिऊन आले. चाचांनी वरची खाचांची पट्टी काढून नवी कोरली, तारा उलट्या चढवल्या आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिनं अंगठ्यानं एकच तार छेडली, आणि मान खाली घालून बराच वेळ तशीच बसली. चाचा उगाच दुसरीकडं बघत हातोडी शोधत राहिले.

लातूरच्या चर्चमधले एक मास्तर तिला शिकवायला तयार झाले. ती त्यांच्यासमोर बसायची. ते डाव्यानं दाबत, ती उजव्यानं, आरशात बघावं तशी. निघताना चाचांनी बजावलं होतं, गिटारच्या पेटीत ओलं फडकं ठेव, नाही तर मान वाकेल. म्हणून आम्ही भाजी धुतलेल्या पाण्यात भिजवलेलं फडकं साबणाच्या डबीत घालून ठेवायचो. घरमालकीण काशीबाईंनी ते पाहिलं आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् ह्या लाकडाला पाणी पाजून राहिल्या!" वत्सलानं त्यांना बसवलं आणि तेव्हा येत होती ती एकमेव चाल वाजवून दाखवली. काशीबाई ऐकून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी तांदूळ धुतलेल्या पाण्याची वाटी आमच्या उंबऱ्यावर होती.

पुढं तिची बदली नांदेडला झाली, माझं लग्न झालं, आयुष्यं वेगळी झाली, फोन मात्र सुटला नाही. तिनं लग्न केलं नाही. मोठी कलाकार वगैरे ती झाली नाही आणि तसं तिला वाटतही नव्हतं. रविवारी घरी शिकवायची. कुणी शिकायला आलं की पहिला धडा दुकानात. बेताचे पैसे असलेल्या माणसाला घेऊन ती स्वतः जायची, तास तास घालवायची, दुकानदार वैतागायचे. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? म्हणाली, "पहिल्यांदा गिटार घ्यायला गेलेल्या माणसाच्या मागं कुणी तरी मान न हलवणारं पाहिजे." हे ती हसून म्हणाली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. तिची पुस्तकं-कपडे आवरायला म्हणून गेल्या आठवड्यात मी पुन्हा नांदेडला गेले. रविवारी दहाच्या सुमाराला दार वाजलं. पन्नाशीच्या एक बाई, खांद्याला गिटार. शोभा नाव, हिमायतनगरला राहतात, एसटीत कंडक्टर. मुलीच्या बाळंतपणामुळं महिनाभर सोलापूरकडं होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"मॅडम बाहेर गेल्यात का?"

मी दारातून बाजूला झाले. त्यांनी ते हो असंच धरलं. चपला काढून आत आल्या, पंखा स्वतःच लावला, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली सतरंजी ओढून पसरली. त्यांना घर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "लई दिवसांनी आले, रागावतील. पण मागं दिलेली चाल पुरी बसवली बघा. नातू पाळण्यात झोपला की वाजवायचे. तुम्ही ऐकता का? त्या येईपर्यंत हात साफ व्हईल."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, "वाजवा."

त्या दोनदा अडखळल्या, जीभ चावून पुन्हा पहिल्यापासून लागल्या. तिसऱ्या वेळी चाल सुरू झाली ती न थांबता शेवटपर्यंत गेली. संगीतातलं मला काही कळत नाही, पण शेवटच्या सुरावर त्यांचा चेहरा जो उजळला तो मला कळला.

"आता मॅडमला दाखवायला हरकत न्हाई, का हो?"

मी उठून त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. त्यांची बोटं अजून तारांवरच होती. ती माझ्या हातात घेतली, आणि मग त्यांना सांगितलं.