जांभळ्या मिशीचा दावा

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जयवंता गजभिये यांचं औषधाचं दुकान होतं. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरात जाहीर करून टाकलं की या घरातल्या पोरी शिकतील. जयवंताबाई फार्मसीचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडल्या, काही वर्षं दुसऱ्याच्या काउंटरवर उभ्या राहिल्या आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. बाई हुशार, कामाला स्वच्छ, गिऱ्हाइकाशी गोड. खोड एकच. हसू आलं की त्यांना ते आवरत नसे. मयताला गेल्या तर धाकटी बहीण मुद्दाम त्यांना खेटून बसायची, वेळेवर चिमटा काढता यावा म्हणून.

सत्त्याहत्तर साली मार्चमध्ये भिवापूरचे मिरचीचे व्यापारी धोंडबा भोयर दुकानात आले. त्यांचं तोंड आलं होतं. ओठांच्या आत, जिभेवर, सगळीकडे फोड. दोन दिवसांनी उमरेडचे पाहुणे त्यांच्या मुलीला, पुष्पलताला, पाहायला येणार होते. पंगतीत रस्सा होता, रश्शात घरचीच मिरची होती, आणि घरधनी ताक-भात खात बसला असता तर पाहुण्यांनी त्या मिरचीची काय किंमत केली असती?

धोंडबांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. या डॉक्टरांचं अक्षर साऱ्या इतवारीला माहीत होतं. मुंगी शाईत पडून कागदावर चालली की तसं दिसेल. बाईंना त्यात एक ‘जी’ दिसला, बाकी नुसती वेटोळी. डॉक्टरांना लिहायचं होतं बोरोग्लिसरीन. बाईंनी वाचलं जेन्शन व्हायोलेट. तेही तोंडातल्या फोडांचंच औषध, पण रंगानं गडद जांभळं, आणि लागलं की दिवसचे दिवस न निघणारं.

“कापसाच्या बोळ्यानं फक्त फोडाले लावा, काका,” बाई म्हणाल्या. “दिवसातून दोनदा. जास्त नका लावू.”

“हो हो,” म्हणत धोंडबा बस पकडायला पळाले.

चार दिवसांनी ते परत आले ते तोंडाला दुपट्टा गुंडाळून. दुकानात गर्दी होती. त्यांनी काउंटरपाशी येऊन दुपट्टा खाली ओढला. ओठ जांभळे, दात जांभळे, आणि ज्या पांढऱ्या झुपकेदार मिशीला सारं भिवापूर ओळखायचं ती मिशी ताज्या वांग्याच्या रंगाची.

“बाई, हे काय करून ठेवलं तुमी माह्या तोंडाचं?”

बोलताना जीभ दिसली. जीभही तशीच.

बाईंनी ओठ दाबले, कपाटाकडे वळून पाहिलं, स्वतःच्या हाताला चिमटा काढला. काही उपयोग झाला नाही. त्या काउंटर धरून खाली बसल्या आणि हसत सुटल्या. गिऱ्हाइकंही हसायला लागली.

“हासून काहून राहिल्या तुमी?” धोंडबा ओरडले. “लगन मोडलं माह्या पोरीचं! उमरेडवाल्यायनं नाही म्हणून सांगतलं!”

बाईंना खरोखर वाईट वाटलं. माफी मागायला त्या उठल्या, “काका, चुकलं…” एवढं म्हणाल्या, आणि मिशीकडे नजर जाताच पुन्हा खाली बसल्या. धोंडबा ताडकन वळले आणि दुकानातून थेट वकिलाकडे गेले.

महिन्याभरात समन्स आलं. चुकीचं औषध दिलं, सोयरीक मोडली, घराण्याची बेअब्रू झाली, नुकसानभरपाई द्या.

बाईंनी वकील केला गोपाळराव. मोठा अभ्यासू माणूस, आणि आम्ही इतवारीवाल्यांनी त्यांना हसताना कधी पाहिलेलं नाही. त्यांनी सारी हकीकत टिपून घेतली, मिशीचा रंगसुद्धा, आणि चष्मा पुसत म्हणाले, “आपल्या कैफियतीत चार मुद्दे येतील. दिलेलं औषध त्या आजारावर योग्यच होतं. योग्य नसेल तर दोष डॉक्टरांच्या अक्षराचा. दोष आपलाच ठरला तरी वादीनं ते सांगितल्याप्रमाणे लावलेलं नाही. आणि सांगितल्याप्रमाणे लावलं असेल, तरी लग्न त्यामुळे मोडलेलं नाही.”

बाई जरा विचारात पडल्या. “म्हणजे मी शेजाऱ्याचं मडकं फोडलंच नाही, फोडलं असंल तर ते आधीच फुटकं होतं, असं?”

“अगदी बरोबर,” गोपाळराव गंभीरपणे म्हणाले. “कायदा याला परवानगी देतो.”

“पण साहेब, अक्षर समजलं नव्हतं हे खरं आहे. डॉक्टरले फोन करून विचारायला पाहिजे होतं. मी अंदाज केला.”

“हे वाक्य,” गोपाळराव म्हणाले, “कोर्टात उच्चारू नका. आणि हसू तर मुळीच नका.”

सुनावणी लागली ती थेट थंडीत. तोवर मिशी पुन्हा पांढरी झाली होती. बाईंनी बहिणीला शेजारी घेऊन बसण्याची परवानगी मागितली. चिमट्याचं कारण कोर्टाला सांगितलं नाही.

आधी धोंडबा पिंजऱ्यात उभे राहिले. गोपाळरावांनी उलटतपासणी सुरू केली.

“औषध कसं लावायला सांगितलं होतं?”

“कापसानं. फोडाले.”

“आणि आपण कसं लावलंत?”

धोंडबांनी खाली पाहिलं. “पहिल्यांदा कापसानंच लावलं. पण फोडं लय होते, न् पाहुणे दुसऱ्या दिवशी येऊन राहिले होते. मंग म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

“म्हणजे काय केलंत?”

“गुळण्या केल्या.”

“किती?”

“बाटली सरेपर्यंत.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंच्या दंडाला कडकडून चिमटा बसला. गोपाळरावांचा चेहरा दगडी.

“फोड बरे झाले?”

धोंडबा मिशी कुरवाळू लागले. न्यायाधीशांनी मान वर केली तेव्हा धोंडबा पुटपुटले, “झाले. तिसऱ्या दिवशी रस्सा खाल्ला.”

“म्हणजे औषधानं काम केलं. मग दावा कशासाठी?”

“साहेब, औषधाचं मी सोडून देल्लं असतं,” धोंडबा न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. “माही पोरगी घरी बसली होती, न् हे बाई हासली. चारचौघात हासली.”

बाईंची मान खाली गेली. त्या वेळी त्यांना चिमट्याची गरज पडली नाही.

पुढे त्यांची पाळी आली. धोंडबांच्या वकिलांनी चिठ्ठी हातात देऊन विचारलं, “हे अक्षर तुम्हाला वाचता आलं होतं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी अंदाज केला. विचारायला पाहिजे होतं.”

गोपाळरावांनी डोळे मिटले. चारांतला दुसरा मुद्दा तिथंच आडवा झाला.

आता धोंडबांच्या बाजूनं शेवटची साक्ष राहिली होती, पुष्पलताची. एकोणीस वर्षांची, निळ्या पातळातली, सरळ पाहणारी मुलगी. सोयरीक मोडल्यानं मुलीचं केवढं नुकसान झालं ते तिच्याच तोंडून यावं, असा वकिलांचा बेत होता.

“उमरेडचं स्थळ वडिलांच्या तोंडाच्या रंगामुळे मोडलं, हे खरं ना?”

“नाही,” पुष्पलता म्हणाली.

वकील दचकले. “मग कशामुळे?”

“त्यायनं मोडलंच नाही. त्यायचा होकार आला होता. बाबा जांभळे दिसले तरी माणूस दिलदार आहे, असा निरोप होता. मामाजवळ आला होता. मीच मामाले म्हटलं, तिकडं नाही म्हणून सांग, न् बाबाले सांग का तेच नाही म्हणाले.”

“काहून वं?” हा प्रश्न वकिलांचा नव्हता. बाकावरून धोंडबा उठून उभे राहिले होते.

शिपाई “बसा, बसा” करत धावला. न्यायाधीशांनी हातानंच त्याला थांबवलं. त्यांनाही ऐकायचं असावं.

“मले शिकाचं होतं, बाबा. डी.एड. कराचं होतं. पोराच्या आईनं चुलीपाशी मले विचारलं, रोज वीस माणसाचा सैपाक जमते का. शाळेचं काही विचारलंच नाही.” मग ती बापाकडे वळली. “तुमचं तोंड तसं झालं, म्हणून तुमी कारण विचारलं नाही. आरशात पाह्यलं न् समजून गेले.”

आता मात्र न्यायाधीशांनीच रुमाल तोंडाला लावला आणि खोकले.

दावा फेटाळला गेला. लग्न औषधामुळे मोडलेलं नाही, आणि वादीनं सूचना पाळली नाही, असा निकाल झाला. मात्र जाता जाता न्यायाधीशांनी बाईंनाही सुनावलं की न समजलेलं अक्षर अंदाजानं वाचणं ही हयगयच, या वेळी त्यातून फक्त मिशी रंगली, पुढच्या वेळी जीव जाईल. बाईंनी ते उभ्यानं ऐकून घेतलं.

बाहेर कडुनिंबाखाली बापलेक बसले होते, मध्ये हातभर जागा सोडून. बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“काका, चूक औषधाचीही झाली न् हसण्याचीही. दोन्हीची माफी मागते.”

धोंडबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं. “हे डी.एड. कुठी असते?” त्यांनी बाईंना विचारलं.

“नागपुरातच आहे.”

“न् पोरी राह्यतात कुठी?”

बाईंनी होस्टेल, अर्जाचे दिवस, सगळं सांगितलं. धोंडबा ऐकत राहिले, मध्येच एकदा म्हणाले, “खाणं कसं देतात?”, आणि उत्तराची वाट न पाहता बस पकडायला उठले. पुष्पलता त्यांच्या मागे निघाली. दोन पावलांवर तिनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये धोंडबांनी तिची पेटी स्वतःच्या खांद्यावरून होस्टेलच्या दारापर्यंत आणली. पेटी ठेवली, पोरगी आत गेली, तरी हे फाटकाजवळून हलेनात. शेवटी मॅट्रन बाहेर येऊन म्हणाली, “काका, तुम्हाला इथं प्रवेश नाही मिळायचा.” तेव्हा कुठं निघाले.

हे सगळं आम्हाला कळलं ते पुष्पलताकडूनच. रविवारी दुपारी ती इतवारीत यायची, जयवंताबाईंच्या काउंटरमागच्या स्टुलावर पाठाचं टाचण लिहीत बसायची, आणि शेजारच्या दुकानातला जो कोणी तिथं डोकावेल त्याला विद्यार्थी समजून पहिला पाठ त्याच्यावरच घेऊन पाहायची. मी त्या वर्षी अपूर्णांक पुन्हा शिकलो.