रईस

१९९१ साल. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा, सौदीतल्या अल-खोबरच्या एका इमारतीत नळदुरुस्ती करायचो. तिसऱ्या मजल्यावर कुवेतहून पळून आलेले एक म्हातारबाबा राहायचे. हिंदी मुंबईत शिकलेले. त्यांच्या देशाची नवी घटना झाली, तेव्हा तिच्याप्रमाणे कायदे करायला बसलेल्या आमदारांतले ते एक.

मला ते "रईस" म्हणत. मी चिडलो. "शेठ, चौथी शिकलोय, पण गरिबीची थट्टा ऐकून घेत नाही."

ते हसले. "अरे, अरबीत रईस म्हणजे सभेचा अध्यक्ष. सगळे तळघरात लपतात तेव्हा दाराशी तूच बसतोस ना?"

तिथे काहीही बोलायचं तर ते आधी हात वर करत आणि मी मान हलवेपर्यंत थांबत.

इराकी क्षेपणास्त्राचा भोंगा झाला की आम्ही सगळे तळघरात. विषारी गॅसच्या भीतीने नियम म्हातारबाबांनीच घातलेला: कडी लागली की उघडायची नाही. एका संध्याकाळी कडी लागली आणि बाहेरून झाडूवाला दार बडवू लागला.

"खोलू नको!" सगळे ओरडले. मीही हट्टी, कडी धरून बसलो. ठरलं ते ठरलं.

म्हातारबाबांचा हात वर गेला.

"रईस, घटनेत लिहिलं होतं, सगळे सारखे. मग कायदे करताना आम्ही कुणाला ना कुणाला बाहेर ठेवत एकेक कडी लावत गेलो. ही कडीही माझीच. मी ती मागे घेतो."

मान हलवायचंही मला सुचलं नाही. दार उघडून झाडूवाल्याला आत ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकस घेऊन गेलो आणि ती कडीच काढून टाकली. कुणाला विचारलं नाही. अध्यक्ष मीच होतो.